बधिर चट्टा आणि नसेतला धागा

भातलावणीचे दिवस होते. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावातून पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ दवाखान्यात आले. गावाचे नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि वाचणाऱ्यांना लगेच ओळख पटेल. डाव्या हाताची शेवटची दोन बोटे भाजलेली, फोड फुटून जखम चिघळलेली. चुलीतले जळते लाकूड मागे सारताना भाजले म्हणाले.

मी विचारले, "एवढं भाजेपर्यंत हात तसाच कसा ठेवलात?"

"कळलंच न्हाई ओ डॉक्टर. कारभारीण वरडली तवा काढला हात."

जखम बांधता बांधता माझे लक्ष बोटांकडे गेले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळलेले होते आणि सरळ करायला सांगितले तर होत नव्हते. दंडाच्या खालच्या बाजूला एक फिकट चट्टा होता. तो दोन वर्षांपासून आहे, गजकर्ण समजून औषधाच्या दुकानातून मलम आणून लावले, असे कळले. "खाज यायची का?" असे विचारले तर म्हणाले, "खाज आसती तर आधीच आलो आसतो की." कोपराच्या मागे, जिथे टेबलाची कड लागली तर आपल्याला करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तिथली नस हाताला सुतळीसारखी जाड लागत होती.

निदान करायला मला आणखी काही लागले नाही. हा कुष्ठरोग होता. दोन वर्षांपूर्वी, बोटे वळायच्या आधी हे गृहस्थ कोणाच्या तरी डोळ्यांखालून गेले असते तर पुढचे टळले असते. ते गेले नव्हते असेही नाही. मधल्या काळात तापासाठी, पाठदुखीसाठी दोन-तीन दवाखाने झाले होते, पण चट्ट्याला पेनचे टोक लावून "कळतंय का?" असे कोणी विचारले नव्हते.

कुष्ठरोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कातडी येते. प्रत्यक्षात हा मुख्यतः नसेचा रोग आहे. आपल्याकडे रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे दवाखान्यात रोज घोटाळा होतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, ज्यातून स्पर्शाचा निरोप वर जातो आणि हालचालीचा हुकूम खाली येतो. ही नस आतून कशाची बनलेली असते हे आज थोडे विस्ताराने सांगणार आहे. विषय जरा शास्त्रीय आहे, पण या गृहस्थांची बोटे का वळली हे त्याशिवाय कळणार नाही.

मनगटाजवळची नस आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिच्यात हजारो बारीक तंतू दिसतात. प्रत्येक तंतू म्हणजे एका चेतापेशीची लांब शेपटी. पेशीचे मूळ शरीर पाठीच्या कण्यात किंवा कण्याच्या लगत असते आणि शेपटी पार बोटाच्या टोकापर्यंत येते. पायाच्या बाबतीत हे अंतर एक मीटरच्या आसपास भरते. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीला एक मीटर लांबीची शेपटी! ती मोडत नाही, चपटी होत नाही, कारण तिच्यात उभे धागे भरलेले असतात. यांना न्यूरोफिलामेंट म्हणतात. आपण त्यांना चेतातंतुक म्हणू.

एका मिलिमीटरचे १ लाख भाग केले तर त्यातला एक भाग, एवढी या धाग्याची जाडी. म्हणजे १० नॅनोमीटर. पेशीच्या सांगाड्यात याहून बारीक ॲक्टिनचे धागे असतात (साधारण ७ नॅनोमीटर) आणि याहून जाड नळ्या असतात (२५ नॅनोमीटर), म्हणून याला मधल्या जाडीचा धागा म्हणतात. मोठ्या मज्जातंतूत संख्येने हेच सगळ्यात जास्त. विसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनच्या काहाल यांनी चांदीचे क्षार वापरून चेतापेशींतले हे जाळे काळे रंगवून दाखवले होते. चांदी नेमकी चिकटते कशाला हे मात्र कित्येक दशकांनी कळले. ती या धाग्यांच्या प्रथिनांना चिकटते.

हा धागा एका प्रथिनाचा नाही. हॉफमन आणि लासेक या अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली दाखवले की त्यात तीन प्रथिने जोडीने असतात. वजनावरून त्यांना हलके, मध्यम आणि जड अशी नावे पडली. प्रयोगशाळेत जेलवर ती अनुक्रमे ६८, १६० आणि २०० हजार डाल्टनची वाटतात. खरे वजन त्याहून कमी असते, मध्यम आणि जड या दोघांचे तर बरेच कमी. त्याचे कारण पुढे येतेच. नंतर चौथाही भागीदार सापडला. मेंदूत आणि मज्जारज्जूत तो अल्फा-इंटरनेक्सिन आहे (हे २००६ मध्ये सिद्ध झाले) आणि हातापायांच्या नसांत पेरिफेरिन (२०१२). उंदीर, गाय, माणूस, सगळ्या सस्तन प्राण्यांत मांडणी हीच.

हलके प्रथिन हा धाग्याचा पाया. ते नसेल तर धागा वळलाच जात नाही. जपानमध्ये लाव्हे पक्ष्याची एक थरथरणारी जात आढळली होती. तिच्यात हलक्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड होता. तिच्या मज्जातंतूंत धागे जवळजवळ नव्हतेच आणि तंतू अगदी बारीक राहिले होते. मध्यम आणि जड प्रथिनांचे काम वेगळे. त्यांच्या लांब शेपट्या धाग्याच्या बाहेर येतात. बाटली धुण्याचा ब्रश आठवा, तारेभोवती केस उभे असतात तसे. या शेपट्यांवर फॉस्फेटचे कण चढतात, एकेका शेपटीवर डझनांनी. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे शेपट्या ताठ बाहेर येतात, शेजारच्या धाग्याला अंतरावर ठेवतात आणि तंतू जाड होतो. जेलवर वजन जास्त भासते तेही मुख्यतः या शेपट्यांमुळेच.

तंतू जाड झाल्याने काय होते? शेताला पाणी देणाऱ्यांना सांगायला नको. अर्ध्या इंचाच्या पाइपातून आणि तीन इंचाच्या पाइपातून येणारे पाणी सारखे नसते. नसेतला निरोप पाण्यासारखा वाहत नाही, तो विजेच्या रूपाने जातो. पण जाड तंतूतून तो वेगाने जातो एवढे साम्य खरे आहे. निरोगी माणसाच्या हातातल्या जाड तंतूंत हा वेग सेकंदाला ५० मीटरहून जास्त असतो. तंतू बारीक झाला की निरोप मंदावतो आणि पुढे थांबतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही प्रथिने तयार होतात कण्याजवळच्या मूळ पेशीत आणि तिथून शेपटीत सरकत जातात. वेग फार तर दिवसाला मिलिमीटरभर. कमरेतून निघालेला माल तळपायाला पोचायला तीन वर्षे लागतात असा साधा हिशेब आहे. हाड मोडले तर दीड-दोन महिन्यांत जुळते, नसेचे तसे नाही, हे मी रुग्णांना नेहमी सांगतो. कारण विचारले तर हा हिशेब सांगतो.

आता कुष्ठरोगाकडे येतो. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. त्याला थंड जागा आवडते. म्हणून तो कातडीत आणि कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसांत राहतो. कोपरामागे, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या आतल्या बाजूला, चेहऱ्यावर. मज्जातंतूला वेष्टण घालणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांत तो ठाण मांडतो. वेष्टण आणि आतला तंतू यांचे नाते नवराबायकोसारखे, एकाचे बिघडले की दुसऱ्याचे बिघडते. वेष्टण चांगले असेल तर आतल्या धाग्यांवर फॉस्फेट चढते, तंतू जाड राहतो. आणि तंतू आटला तर वेष्टण गळून पडते.

कुष्ठरोगात आधी काय बिघडते, वेष्टण की तंतू? या प्रश्नावर ज्यांनी आयुष्य घालवले ते लोक आपल्याच महाराष्ट्रातले आहेत. डॉ. नोशिर अंतिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांची वळलेली बोटे आणि बसलेली नाके शस्त्रक्रियेने नीट करता करता मुळात नस मरते कशी याचा ध्यास त्यांनी घेतला. मुंबईत त्यांनी फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था उभी केली तीही १९७५ सालीच. तिथे डॉ. वनजा शेट्टी यांच्यासह त्यांनी रुग्णांच्या नसांचे तुकडे वर्षानुवर्षे तपासले. १९८८ साली त्यांनी लिहिले की रोगाच्या सुरुवातीच्या काळातच तंतू आटलेले दिसतात. २००४ मध्ये या गटाने पुढचे पाऊल टाकले. कुष्ठरोग्यांच्या नसांत चेतातंतुकांची ही तीन प्रथिने घटलेली किंवा नाहीशी झालेली आढळली आणि जी उरली होती त्यांच्यावरचे फॉस्फेट कमी झालेले होते. २००९ मध्ये उंदरांवरचे काम आले. जंतू टोचले होते पंजाच्या तळव्यात, आणि मध्यम व जड प्रथिनांवरचे फॉस्फेट कमी झाले होते मांडीच्या मोठ्या नसेत. फॉस्फेट चढवणाऱ्या एका विकराचे कामही तिथे मंदावले होते.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रशाचे केस गळले की धागे एकमेकांजवळ येतात, तंतू आटतो, वेष्टण सुटते. ही पडझड चट्ट्यापुरती राहत नाही आणि बाहेरून काही दिसायच्या आधी सुरू होते. बोट वळते ते या कथेच्या शेवटच्या प्रकरणात.

जाता जाता डॉ. अंतियांविषयी एक सांगावेसे वाटते. प्रयोगशाळेतला हा माणूस आपल्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात गावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देण्याच्या कामातही तितकाच रमला होता. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये ते गेले. शेतात राबणारी बाई साध्या आजारांचे बरेचसे काम डॉक्टरइतकेच चांगले करू शकते असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या व्यवसायातल्या अनेकांना ते रुचले नाही. मला ते पटते, आणि खाली जे म्हणणार आहे त्याचा आधारही तेच आहे.

तीन औषधांचा बहुविध उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये सुचवला. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या नेमाने घेतल्या की जंतू मरतात. पहिल्या काही दिवसांतच रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचे थांबते. ही मोठीच गोष्ट आहे आणि तिचे श्रेय राष्ट्रीय कार्यक्रमाला द्यायला हवे. डिसेंबर २००५ मध्ये देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि कुष्ठरोगाचे "निर्मूलन" झाल्याचे जाहीर झाले. माझी तक्रार या शब्दाशी आहे. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. इथे त्याचा अर्थ सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून मोजमापाखाली आणणे एवढाच होता, पण लोकांनी ऐकले ते "गेला". आजही भारतात दरवर्षी सुमारे १ लाख नवे रुग्ण सापडतात आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे असतात. रोग गेला असे समजलेल्या डॉक्टरला तो दिसत नाही. नव्या मुलांनी अभ्यासात वाचलेला असतो, डोळ्यांनी पाहिलेला नसतो. त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

दुसरी तक्रार मोजण्याच्या पद्धतीशी आहे. रुग्ण गोळ्या घेत असेपर्यंत आकड्यात धरला जातो. बारा महिने झाले, पाकिटे संपली की नाव कमी. पण नस त्या दिवशी बरी होत नाही. मेलेल्या जंतूंचे अवशेष अंगात राहतात, त्यांच्यावर शरीर चवताळून उठते आणि नसेला सूज येते. याला आम्ही रिॲक्शन म्हणतो. ती उपचार चालू असताना येते, आणि संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनीही येते. त्या वेळी स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवत काही महिने द्याव्या लागतात. बधिरपणा किंवा अशक्तपणा येऊन सहा महिने झाले नसतील तर नस परतण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. धागे आटून तंतूच मेला असेल तर गोळी कोणाला जागे करणार? सहा महिन्यांची ही खिडकी आपण बहुतेकांच्या बाबतीत बंद होऊ देतो, आणि कागदावर मात्र रुग्ण "बरा झाला" असे लिहिलेले असते.

हल्ली एक नवी तपासणी निघाली आहे. मज्जातंतू तुटू लागला की चेतातंतुकातले हलके प्रथिन पाझरून मणक्यातल्या पाण्यात आणि रक्तात येते. ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणात मोजता येते. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मोटर न्यूरॉनच्या आजारात तिचा उपयोग होऊ लागला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मोटर न्यूरॉन आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारावरचे औषध रक्तातले हे प्रथिन कमी होते या आधारावर मंजूर झाले. विज्ञान म्हणून हे थक्क करणारे आहे. पण हाताला मुंग्या आल्या म्हणून पुण्याला जाऊन ही तपासणी करून घ्यायची का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर नको असे आहे. ती तपासणी नस तुटते आहे एवढे सांगते, कोणती आणि कशाने ते सांगत नाही. मुळशी तालुक्यात कुष्ठरोग ओळखायला दोन रुपयांचे बॉलपेन पुरते.

ते कसे, तेही सांगतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. चट्ट्यावर आणि नंतर तळहातावर, तळपायावर ठरावीक ठिकाणी पेनचे टोक हलके टेकवायचे, कातडीवर खळी पडेल न पडेल इतकेच. जिथे लागले तिथे त्याने बोट ठेवायचे. मग करंगळी बाजूला न्यायला सांगायची, अंगठा वर उचलायला सांगायचा, पाऊल वर ओढायला सांगायचे आणि आपल्या बोटाने हलका विरोध करून जोर पाहायचा. डोळे मिटले तर पूर्ण मिटतात का ते पाहायचे. पाच-सात मिनिटांचे काम आहे. सरकारी कार्डावर त्याला रकाना आहे. पण ओळीत साठ माणसे उभी असतील तर तो रकाना मागच्या महिन्याचे पाहून भरला जातो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी एका ठिकाणी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की हे काम आशाताईंकडे रीतसर द्यावे, त्याचा वेगळा मोबदला द्यावा, आणि गोळ्या संपल्यावरही निदान दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ते चालू ठेवावे. चट्टे शोधायला आशाताई घरोघर जातातच. ज्यांचे नाव रजिस्टरमधून कमी झाले त्यांच्या घरीही त्यांनी त्याच फेरीत जायला काय हरकत आहे?

पिरंगुट, हिंजवडीकडच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर बाहेरून आलेली माणसे आहेत. आज इथे, सहा महिन्यांनी दुसरीकडे. गोळ्यांचे पाकीट हरवते, कार्ड हरवते. त्यांच्यासाठी मुकादमांनी आणि कंपनीच्या डॉक्टरांनी डोळे उघडे ठेवायला हवेत. चट्टा असलेला माणूस कामावरून काढायचा नसतो, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचा असतो.

काढून टाकायची सवय जुनी आहे. १८९८ चा इंग्रजांचा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आपण २०१६ पर्यंत पुस्तकात ठेवला होता. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत चालत होते. कायदे गेले. दर वर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शाळाशाळांतून कुष्ठरोगाविषयी शपथ घेतली जाते. पण दवाखान्यात मी "कुष्ठरोग" म्हटले की समोरचा माणूस मनात त्याचे "महारोग" असे भाषांतर करतो आणि त्याचा चेहरा उतरतो.

त्या गृहस्थांचेही तसेच झाले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांच्या पत्नीने विचारले, "नातू यांच्या ताटात जेवतो, त्याला वायलं ताट द्यायचं का?" मी म्हटले, "अजिबात नको मावशी, मात्र घरातल्या सगळ्यांना तपासायला घेऊन या." त्या आल्या. नातवाला काही नव्हते. त्याला आणि घरातल्या इतरांना आरोग्य केंद्रातून प्रतिबंधाचा रिफॅम्पिसिनचा एकेक डोस वयाप्रमाणे मिळाला. सुनेच्या पाठीवर एक लहानसा चट्टा निघाला, खाज नसलेला, पेन टेकवले तर न कळणारा. तिला तो माहीतच नव्हता. तिच्या हातापायांच्या नसा अजून चांगल्या आहेत.

गृहस्थांची बोटे पुरती सरळ होणार नाहीत. गोळ्या चालू आहेत, स्टेरॉइडचाही प्रयत्न केला, करंगळीच्या कडेला थोडी जाणीव आली असे ते म्हणतात. मला पेनने अजून तसे आढळलेले नाही. रोज रात्री हात पाण्यात भिजवून, तेल लावून, कुठे लागले आहे का ते कारभारीण कंदिलापाशी पाहते. चुलीपाशी लांब दांड्याचा चिमटा आला आहे, आणि विळ्याच्या मुठीला त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे, म्हणजे पकड बसते. ती युक्ती मी सांगितलेली नाही, त्यांचीच आहे. आता दुसऱ्यांना सांगतो.